बोट वर

बाकं अकरा होती, त्यातलं एक तीन पायांचं, भिंतीला टेकवून उभं केलेलं. खिडक्या दोन, एकीचं दार लागत नव्हतं. पंखे दोन, चालू एक. फळा एक, खडू साडेतीन. तिसरीतली मुलं एकोणीस, दांडी कुणाचीच नाही. आणि मास्क एक, तो गंधालीच्या तोंडावर.

मास्क मोठ्या बाईंनी लावायला लावला होता. शाळेशेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली होती. नाताळच्या सुट्टीपासून तिथे ब्रेकर चालू होता आणि भटवाडीतली सगळी धूळ जणू त्या न लागणाऱ्या खिडकीतून आत यायची. गंधालीला खोकला धरला तो सुटेना. सुहासिनी बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, खोकून खोकून पोरांना देशील. मास्क लाव, नाहीतर घरी बस. आणि घरी बसलीस तर तुझा वर्ग मी घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." म्हणून मास्क. आकाशी रंगाचा, नाकावर तार असलेला. त्याच्या आत स्वतःचाच श्वास गरम होऊन परत येत होता आणि आपण एखाद्या डब्यात बसून शिकवतोय असं तिला वाटत होतं.

त्या दिवशी तिने विचारलं होतं, पाण्याची वाफ झाली की ती कुठे जाते. सोपा प्रश्न. पहिल्या बाकावर प्रांजल धुरी बसायची, दोन वेण्या, लाल फिती, आणि गंधालीने नुसतं तिच्याकडे बघितलं तरी ती उठून उभी राहायची. तशीच उठली. हसली. म्हणाली, "आठ पाचे चाळीस."

वर्ग खो खो हसला. गंधालीने प्रश्न पुन्हा विचारला. प्रांजलचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. कुणी बंद दारावरची पाटी वाचायला लागावं तसे ते मास्कवर फिरले. "बाई, उद्या आणते," ती म्हणाली. आता अनय बाकावर मुठी आपटून हसत होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती काहीच बोलली नाही. गंधालीचा घसा आतून सोलवटला होता, बाहेर ब्रेकर धडधडत होता, आणि तिच्या तोंडून गेलं, "नाटकं करतेस? जा, मागे बस." प्रांजल हलली नाही. उर्मटासारखी उभी. मग गंधालीने हात लांब करून शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं, तेव्हा मात्र ती लगेच, अगदी शहाण्या मुलीसारखी, दप्तर उचलून चालू लागली. शब्दाला नाही, बोटाला. हे गंधालीला त्या वेळी दिसलं होतं. दिसलं होतं, पण नोंदलं गेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर म्हणायचे, काटा हललेला बघणं वेगळं आणि रीडिंग घेणं वेगळं.

प्रांजलने दगा दिला असं तिला वाटलं होतं, आणि हे वाटणं तिला लाजिरवाणं होतं. कारण प्रांजल म्हणजे तिचा पुरावा होता. जूनमध्ये ती या शाळेत लागली तेव्हापासून पोटात एक बारीक थरथर असायची: कुणीतरी दार उघडून आत येईल आणि म्हणेल, अहो, चुकून तुम्हाला पाठवलं, तुम्ही शिक्षिका नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, वर्गातल्या बाकीच्या मुली कंपन्यांमध्ये लागल्या, आणि हिने डी.एल.एड.चा फॉर्म भरला. मैत्रीण श्रुतिका म्हणाली होती, "प्रायमरी? यार, डोकं फिरलंय का तुझं? दिवसभर नाकं पुसशील." तिला एवढंच माहीत होतं की एखादी गोष्ट समजण्याच्या आधी आणि समजल्यानंतर माणसाचा चेहरा वेगळा असतो, आणि तो बदलण्याचा क्षण तिला जवळून बघायचा होता. पहिला महिनाभर तसा एकही चेहरा दिसला नाही. मुलं पाढे म्हणत, कविता म्हणत, प्रतिज्ञा म्हणत, सगळं एका सुरात. शाळेचा तो शिरस्ताच होता. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना आतला सूर ऐकत आणि सूर एक असला की पुढे जात. "एका सुरात म्हणतात म्हणजे येतंय," असं त्यांचं म्हणणं. एकोणीस तोंडं उघडत आणि एकच आवाज निघे, आणि त्या आवाजात कोण आहे आणि कोण नाही हे कळायला मार्ग नव्हता. आणि अशात ही प्रांजल. दुसरीच्या बाईंनी वर्ग सोपवताना सांगितलं होतं, "ही मंद आहे, हिच्यावर वेळ घालवू नको." तीच मंद प्रांजल ऑगस्टमध्ये पहिलं बोट वर करू लागली. दिवाळीपर्यंत भागाकार करू लागली. तिचा 'स' जरा बोबडा होता, बोलायची कमी, पण चेहरा! समजलं की तो आतून दिवा लागल्यासारखा होई. घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून गंधाली तो चेहरा आठवायची आणि पोटातली थरथर तेवढ्यापुरती थांबायची.

आता ती शेवटच्या बाकावर होती आणि दिवा गेला होता. तिथून ती अनयकडे बघून वही काढायची, अनय उभा राहिला की उभी राहायची, सगळ्यांच्या पाठोपाठ अर्ध्या श्वासाने पाढा म्हणायची. मास्कमागून गंधाली हे बघत होती. मंदच होती की काय? मग ऑगस्ट ते दिवाळी ते काय होतं? आपण स्वतःला हवं ते रीडिंग घेत होतो?

डस्टरचं झालं ते त्याच आठवड्यात. ब्रेकर एवढा जवळ आला होता की फळा हलत होता. शिकवणं शक्यच नव्हतं. मुलं चित्रं काढत होती. गंधालीने पाणी प्यायला मास्क खाली ओढला. फळ्याच्या कडेला डस्टर नव्हतं. बाटलीचं झाकण लावता लावता ती पुटपुटली, कुणाला उद्देशून नाही, आवाजही धड न काढता, "डस्टर कुठे गेलं इथलं."

शेवटच्या बाकावरून बोट वर झालं.

"बाई, अनयच्या दप्तरात आहे."

पुढच्या बाकावरच्या मुलांनी मानासुद्धा वर केल्या नाहीत. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. गंधालीलासुद्धा स्वतःचा आवाज ऐकू आला नव्हता. तो पहिल्या बाकापर्यंतही पोचणं शक्य नव्हतं, मग शेवटच्या बाकापर्यंत कसा पोचला? ती हातात झाकण धरून उभी राहिली. अनय ओरडत होता, "चुगली करते, चुगली!" आणि प्रांजल हसत होती, कितीतरी दिवसांनी तोच जुना चेहरा, दिवा लागलेला. गंधाली एवढंच बघत होती की ती मुलगी तिच्या डोळ्यांकडे बघत नाहीये. जरासं खाली बघतेय. ओठांकडे.

घरी, मुलुंडला, बाबा चहाची वाट बघत बसले होते. विद्याधरांना विमा कंपनीतून निवृत्त व्हायच्या आधीपासूनच कमी ऐकू यायला लागलं होतं आणि मशीन लावायला त्यांचा ठाम नकार होता. "मी काय रेडिओ आहे वायरी लावायला?" त्यामुळे घरातल्यांनीच स्वतःला दुरुस्त करून घेतलं होतं. गंधालीने तर सातवी-आठवीपासून. बाबांशी बोलायचं तर आधी त्यांच्यासमोर यायचं. उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा, खिडकीकडे पाठ करायची नाही. तोंडापुढे हात नाही. वाक्य छोटं, शेवटचा शब्द न गिळता. ही तिची सवय नव्हती, तिच्या बोलण्याची घडणच तशी झाली होती. डी.एल.एड.च्या पाठाला परीक्षकांनी खास शेरा दिला होता, 'फळ्याकडे वळून कधीही बोलत नाही, उच्चार अत्यंत स्पष्ट, चेहरा बोलका', आणि ती हरखली होती.

"डॉक्टरकडे जाऊन आलीस का?" बाबांनी विचारलं.

"उद्या जाते," ती म्हणाली. मास्क अजून तोंडावरच होता, काढायचं राहून गेलं होतं.

बाबांनी टीपॉय चाचपला. "माझा चष्मा कुठाय? तू काय म्हणतेयस ते ऐकू येत नाही."

आई स्वयंपाकघरातून हसली. हा घरातला जुना विनोद होता. गंधाली हसली नाही. चहाचा कप हातात तसाच राहिला. चष्मा लावला की ऐकू येतं. तिला जूनपासूनचा वर्ग दिसू लागला, पण उलटा, फिल्म मागे फिरवावी तसा. पहिलं बाक. लागत नसलेली खिडकी समोरच, उजेड सगळा बाईंच्या तोंडावर. बाई कधी फळ्याकडे वळून बोलत नाहीत. बाई छोटी वाक्यं बोलतात. एका बहिऱ्या माणसासाठी तासून घेतलेला तिचा चेहरा ती रोज एका मुलीसमोर धरत होती, आणि ती मुलगी तो वाचत होती, पुस्तकासारखा. दुसरीच्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. त्यांच्या वर्गात ती मंद. हिच्या वर्गात हुशार. म्हणजे शिकवणं चांगलं होतं म्हणून नव्हे. किंवा चांगलं होतं, पण ज्याचं कौतुक आपण करत होतो ते नव्हे. पुरावा खरा होता आणि निष्कर्ष चुकीचा. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्यामुळेच हे आणखी सहा महिने झाकलं गेलं होतं. पोटातल्या थरथरीला आता कारण मिळालं होतं, आणि कारण मिळाल्यावर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने मास्क खिशात ठेवला आणि डबा खायच्या सुट्टीत प्रांजलला थांबवून घेतलं. ब्रेकरवालेही जेवायला गेले होते, शांतता होती. "खेळ खेळू या," ती म्हणाली. "मी शब्द सांगते, तू तो पुन्हा म्हणायचास." सोपे शब्द: मासा, पाटी, केळं, चप्पल. आधी चित्रकलेचा कागद तोंडापुढे धरून, नेहमीच्या आवाजात. प्रांजल कागदाकडे बघत राहिली. मग तिने कागदावर काय चित्र आहे ते सांगितलं. दहा शब्दांपैकी एक आला, तोही अंदाजाने. मग गंधालीने कागद बाजूला केला आणि आवाज बंद केला. नुसते ओठ. श्वाससुद्धा नाही. मासा. पाटी. केळं. प्रांजल पटापटा म्हणू लागली, खुशीत येऊन, पायाने ताल धरून. पाटीच्या ऐवजी माती म्हणाली, एकदोन सुटले. दहापैकी सात.

रिकाम्या वर्गात एका बाजूने नुसते ओठ हलत होते आणि दुसऱ्या बाजूने शब्द येत होते. गंधालीला वाटलं, दारातून कुणी बघितलं तर त्याला काय वाटेल. बाई मुकी, मुलगी बोलतेय.

"तुला ऐकू येतं ना, प्रांजल?" तिने विचारलं, आवाज काढून.

चेहरा मिटला. अगदी दिसेल असा, दार लोटून घ्यावं तसा. "येतं," प्रांजल म्हणाली. "सगळं येतं. बाई, मी डबा खाऊ?"

तिला माहीत होतं. हे गंधालीला तेव्हा कळलं. मुलीला आपलं काय आहे ते पुरतं माहीत होतं, आणि ती एखादी मोठी बाई घर चालवते तसं ते चालवत होती, सगळ्यांच्या नकळत, रोज, न दमता. आठव्या वर्षी.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसात त्या टेबलाच्या काचेखालचे जुने वर्गांचे फोटो बघत बोलायच्या. "तू कागद धरून, ओठ हलवून ठरवलंस? तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही, म्हणून तर म्हणते तपासून घेऊ."

"तपासून घेऊ. मग ते म्हणणार बहिरी. मग बाप घाबरून तिला मूकबधिरांच्या शाळेत घालणार, नाहीतर गावी नेऊन ठेवणार. आपला पट किती? एकसष्ट. साठ झाला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो. सगळ्यात शेवटी कोण लागलं?" त्यांनी मान वर केली. डोळ्यांत दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "मी काही सुचवत नाहीये गं. माहीत असावं म्हणून सांगितलं. मुलगी पाढे म्हणते की. मी रोज ऐकते."

"ती म्हणत नाही, मोठ्या बाई. ती तोंड हलवते."

"आपण सगळे तेच करतो," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

व्हरांड्यातून परतताना गंधाली एकसष्ट वजा एक हे गणित मनातून काढायचा प्रयत्न करत होती. निघत नव्हतं. तिसरीच्या वर्गातून पाढ्याचा सूर येत होता आणि तो खरंच एक होता, सुंदर होता, एखाद्या पत्र्यावर पाऊस समान पडावा तसा. आणि तिला शाळेतली ती स्वतः आठवली, चौथीतली, प्रार्थनेच्या वेळी शब्द न येता नुसते ओठ हलवणारी. कुणी पकडलं नव्हतं. आपण पकडले जाऊ या भीतीने तिला ती प्रार्थना कधीच पाठ झाली नाही.

प्रांजलचा बाप, नितेश धुरी, साकीनाक्याला पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या एका गाळ्यात कामाला होता. तो आला तो कामावरून थेट, नखांत ग्रीस, आणि दारातूनच एवढ्या मोठ्याने "नमस्कार बाई" म्हणाला की अनयने कानांवर हात ठेवले. तो सगळंच मोठ्याने बोलायचा. प्रेसपुढे उभं राहून सगळ्यांना तशीच सवय होते, असं त्यानेच हसत सांगितलं. "आमच्या घरात कोण हळू बोलतच नाय. माझी आई तर गावच्या शेतातून बोलल्यासारखी बोलते. शेजारी म्हणतात भांडण चाललंय."

म्हणून घरी कळलं नव्हतं. गंधालीने सांगितलं. जमेल तेवढं हळुवार, वाक्यं छोटी, चेहरा समोर. अर्ध्यातच त्याचं हसू गेलं.

"दुसरीच्या बाईंनी मंद म्हटलं," तो म्हणाला. आता पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "तुमच्याकडे आली आणि पोर फुलली. घरी येऊन बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. मी देवळात नारळ फोडला तुमच्या नावानं, खोटं नाय सांगत. आणि आता तुम्ही बहिरी म्हणता?"

"मी बहिरी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की..."

"तिका सगळा ऐकाक येता!" तो ओरडला. बाहेर व्हरांड्यात प्रांजल उभी होती. तिने बापाकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मग दोघांच्याही तोंडाकडे नको म्हणून जमिनीकडे. नितेशने तोंडावरून हात फिरवला. "मशीन लावलेली पोरगी. पुढे काय तिचं? तुम्ही वर्षभर असाल, जाल. तिला शाळा सोडायला लावतील. ती रडते ओ, शाळा सोडायची म्हटली की. दुसरीत म्हटलं होतं मी, गावी ठेवतो आजीकडे, तर जेवली नाय."

गंधालीला कळलं, मुलगी कशाला जपतेय ते. हे बाक. हा उजेड. हा चेहरा.

"एकदा," नितेश म्हणाला. "एकदाच जाऊ. तुम्ही पण चला. ठीक निघालं तर परत हा विषय काढायचा नाय. कबूल?"

ती कबूल म्हणाली. म्हणाली आणि मग तिला वाटलं, आपण कशाला कबूल झालो.

हॉस्पिटलच्या कान तपासायच्या खोलीत काचेमागे आणखी एक छोटी खोली होती, आतून सगळीकडून करड्या स्पंजचा थर. प्रांजलला खुर्चीवर बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले. शिकाऊ वाटणारी एक मुलगी यंत्रापुढे बसली होती. बाहेर बाकांवर पेशंटांची रांग होती आणि तिचं लक्ष अर्धं त्या रांगेकडे होतं. तिने प्रांजलला खुणेने समजावलं: टूं आवाज आला की बोट वर. प्रांजलने मान डोलावली. बोट वर करणं तिला चांगलं येत होतं.

गंधाली आणि नितेश यंत्रामागे उभे राहिले. आवाज त्यांना ऐकू येणार नव्हता, तो फक्त हेडफोनमध्ये होता. त्यांना दिसत होती काच, आणि काचेपलीकडे ती. गंधालीला डेसिबलची फूटपट्टी पाठ होती. ती सरळ नसते. दहाने वाढलं की तीव्रता दहापट. दोन माणसांचं साधं बोलणं पन्नास-साठावर. एफ.वाय.ला हे शिकताना तिला केवढा आनंद झाला होता, कान आकाशाएवढी मापं बोटभर घडी करून ठेवतो म्हणून.

बोट वर. तंत्रज्ञ मुलीने बटण फिरवलं. बोट वर. आणखी फिरवलं, खाली. बोट वर.

"छान ऐकते की," ती म्हणाली. "वीसलाही बोट वर. नॉर्मल आहे ही. कुणी पाठवलं हिला?"

नितेशने एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. "बोललो होतो ना, बाई! बोललो होतो ना!" तो हसत होता, डोळे पुसत होता. "झकास! चला, वडापाव खाऊ आता. माझ्यातर्फे."

आणि गंधालीच्या अंगातून काहीतरी सुटलं. खांदे खाली आले. एकसष्ट. मोठ्या बाई. पुढचं वर्ष. सगळं आपापल्या जागी परत जाऊन बसलं, आणि त्या सुटकेची गोडी तिला जिभेवर जाणवली, अगदी साखरेसारखी. आपलं चुकलं. किती बरं झालं. ओठ, कागद, दहापैकी सात, हे सगळं नवशिकीचे खेळ. तिने काचेपलीकडे बघितलं. प्रांजल तिच्याकडेच बघत होती. तोच चेहरा, सगळी उत्तरं बरोबर आल्यावरचा. आलं ना मला, बाई?

उत्तरं बरोबर. गंधालीची नजर तिथेच अडकली. प्रांजल बाईंकडे बघत होती. त्याआधी कुठे बघत होती? तंत्रज्ञ मुलगी बटण दाबताना मान खाली घाली आणि दाबलं की लगेच काचेतून वर बघे, मुलीने बोट केलं का म्हणून. प्रत्येक वेळी. मान खाली, दाबणं, मान वर, बोट वर. आवाजानंतर बोट नव्हतं. नजरेनंतर बोट होतं. काटा हलताना गंधालीला दिसला होता. या वेळी नोंदलाही गेला.

कुणाला काही सांगायची गरज नव्हती. सगळे खूश होते, मुलगी सगळ्यात जास्त. तिने ठरवलं असतं तर रिक्षात बसून वडापाव खायला जाता आलं असतं, आणि उद्या पहिल्या बाकावर दोन लाल फिती असत्या, आणि मास्क कधीच न लावता वर्ष संपलं असतं. मग चौथी. मग फळ्याकडे तोंड करून बोलणारे कुणीतरी सर. मग पाचवी.

"खुर्ची फिरवाल का?" ती म्हणाली.

"काय?"

"तिची खुर्ची. भिंतीकडे तोंड करून. आणि पुन्हा घ्या."

"मॅडम, बाहेर लाईन बघा. झालंय ना नॉर्मल?"

"बाई," नितेश म्हणाला. हळू, इतका हळू की तो त्याचा आवाज वाटला नाही. "ठरलं होतं आपलं."

"आपण एकदाच म्हणालो होतो," गंधाली म्हणाली. "ते एकदा अजून संपलेलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान फिरवली. तंत्रज्ञ मुलगी कुरकुरत उठली, पण तिने प्रांजलकडे नीट एकदा बघितलं, आणि मग मात्र काही न बोलता आतलं दार उघडलं.

खुर्ची गंधालीनेच फिरवली. प्रांजलने हेडफोनसकट मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. बाई, तुम्हीच? असं काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा सहन व्हायला कठीण होतं. गंधाली तिच्यासमोर उकिडवी बसली, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले: पहिलं बाक तुझंच. प्रांजल ओठांकडे बघत राहिली. पुन्हा हलवले. पहिलं बाक तुझंच. मग प्रांजलने तोंड भिंतीकडे केलं.

गंधाली बाहेर आली. काचेतून आता दोन वेण्या दिसत होत्या, हेडफोनची पट्टी, आणि मांडीवर तयार ठेवलेलं बोट. तंत्रज्ञ मुलीने बटण दाबलं. वीस. बोट हललं नाही. नितेश काचेला कपाळ लावून उभा होता. तीस. पस्तीस. वेण्या अगदी ताठ होत्या. चाळीस. तंत्रज्ञ मुलीने मध्येच गंधालीकडे एक कटाक्ष टाकला आणि पुन्हा मान खाली घातली. पंचेचाळीस. "बोट कर गो, बाय माझी," नितेश काचेला म्हणाला. पन्नास. पंचावन्न. स्पंजने सगळे आवाज पिऊन टाकले होते. गंधालीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. साठ.

बोट वर.

तंत्रज्ञ मुलीने आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणून खात्री केली, मग दुसरा कान घेतला. मग तिने मोठ्याने वाचलं. एक हजार हर्ट्झ. उजवा कान, साठ डेसिबल. डावा कान, पासष्ट.